पावसात बंद, उन्हात चालू: जुन्या स्प्लेंडरच्या वायरिंगमधला बिघाड कसा शोधायचा

तुमची अडचण थोडक्यात अशी. वडिलांची 2003 सालची हीरो होंडा स्प्लेंडर, दर आठवड्याला कऱ्हाड ते चिपळूण फेरी. गेल्या महिन्यात कुंभार्ली घाटात भर पावसात गाडी तीनदा चालता चालता एकदम बंद पडली, आणि पाऊण तासाने काहीही न करता सुरू झाली. गॅरेजमध्ये सीडीआय (ठिणगी कधी सोडायची ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक डबा) आणि इग्निशन कॉइल दोन्ही बदलून झालं, तरी तिसऱ्यांदा तेच. त्याच पावसापासून हॉर्न बसलाय आणि मागचा ब्रेक दाबला की फ्यूज उडतो, इंजिन मात्र चालू राहतं. आता पूर्ण वायरिंग बदलायचा सल्ला मिळालाय.

वायरिंग बदलू नका. या गाडीत एक नाही, बहुतेक तीन वेगवेगळे बिघाड आहेत, आणि तिन्ही एकाच पावसात उघडे पडले म्हणून एकच वाटतायत. नवीन वायरिंग टाकलं तर त्यातला एखादा जाईल, उरलेले राहतील, आणि जुन्या वायरिंगबरोबर शोधायची खूणही भंगारात जाईल.

मी 27 वर्षं चिपळुणात मोटरसायकलींचं वायरिंग बघतो. इथे वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जून ते सप्टेंबर माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक गाड्यांची तक्रार तुमच्यासारखीच असते. तुमच्या गॅरेजवाल्याला बिघाड का सापडला नाही हे मला कळतं. गाडी त्याच्या दारात पोचेपर्यंत सुकलेली असते. त्याने किक मारली, गाडी चालू झाली, प्लगला करंट दिसला. मग अंदाजाने जो भाग सगळ्यात जास्त बदलला जातो तो त्याने बदलला. कोरडी गाडी खरं बोलत नाही. म्हणून पहिली गोष्ट: गाडी सुकवून तपासायची नाही, ठरवून ओली करून तपासायची. ते कसं करायचं ते पुढे सांगतो, आधी पाणी नेमकं काय करतं ते बघू.

पावसाचं स्वच्छ पाणी विजेचं फार चांगलं वाहक नाही. 12 व्होल्टच्या दोन टोकांमध्ये त्याचा एक थेंब पडला तर त्यातून जाणारा करंट नगण्य असतो, त्याने हॉर्न बसत नाही की फ्यूज उडत नाही. पण रस्त्यावरून उडणारं पाणी स्वच्छ नसतं. त्यात चिखल, डिझेलचा राब, आणि आमच्या बाजूला समुद्राच्या हवेतलं मीठ असतं. ते कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सांध्यात, शिरतं, सुकतं, मागे पापुद्रा ठेवतं, पुढच्या पावसात तोच पापुद्रा पुन्हा ओला होतो. तांब्या-पितळेच्या टोकांवर हिरवट थर चढतो. कल्हई उडालेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तसंच हे. वायर कळकते. कोरड्या दिवसांत कळकलेला सांधा कसाबसा काम रेटतो, ओला झाला की हात टेकतो. म्हणजे पाण्याने बिघाड केला असं फार क्वचित होतं. बिघाड चार-पाच वर्षं आत वाढत असतो, पाऊस फक्त तो कुठे आहे ते दाखवतो. आपण ती जागा बघायच्या आत गाडी सुकते.

दुसरी गोष्ट समजून घ्या, ती कळली की निम्मं काम झालं. तुमच्या स्प्लेंडरमध्ये विजेचे दोन वेगळे संसार आहेत. एक बॅटरीचा: हॉर्न, इंडिकेटर, ब्रेकलाइट, न्यूट्रलचा दिवा. दुसरा थेट मॅग्नेटचा, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या चुंबकाचा: हेडलाइट, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इग्निशन. मॅग्नेटमधली एक्सायटर कॉइल सीडीआयला वीज देते, पल्सर कॉइल त्याला ‘आता सोड’ म्हणून इशारा देते, सीडीआय इग्निशन कॉइलमध्ये झटका सोडतो, प्लगला ठिणगी पडते. या साखळीत बॅटरी कुठेच नाही. म्हणूनच ही गाडी बॅटरी काढून ठेवली तरी किकवर सुरू होते. त्यावरून हेही ठरतं की तुमचा उडणारा फ्यूज आणि घाटात बंद पडणारं इंजिन यांचा एकमेकांशी संबंध नाही. फ्यूज बॅटरीच्या संसारातला. तो उडाला तरी इंजिन चालू राहायला हवं, आणि तुम्ही लिहिलंय तसं ते राहतंच.

आता इंजिनाकडे. आधी पेट्रोलचा संशय फेडून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे. कार्ब्युरेटरच्या वाटीखालचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. तळाशी पाण्याचे मणी दिसले तर टाकीच्या झाकणाचं रबर बघा. पण तुमचं वर्णन पेट्रोलचं नाही. पेट्रोल किंवा पाण्याने बंद पडणारी गाडी आधी आचके देते, ओढ कमी होते, चोक ओढला तर थोडी सावरते. तुमची दिवा मालवावा तशी गेली. ठिणगी एकदम तुटल्याशिवाय असं होत नाही.

ठिणगी तुटायच्या जागा तशा बऱ्याच, पण या गाडीत ज्या जागेकडे लोक सगळ्यात शेवटी बघतात तिथे मी सगळ्यात आधी बघतो. ती म्हणजे चावीचा स्विच.

कारण असं. बॅटरी इग्निशनच्या गाडीत चावी बंद केली की वीज तोडली जाते. इथे उलटं आहे. इंजिनाला बॅटरीची वीज लागतच नाही, त्यामुळे ती तोडून उपयोग नाही. मग गाडी बंद कशी होते? सीडीआयमधून एक वायर निघून चावीच्या स्विचपर्यंत येते, काळ्या रंगावर पांढरी रेघ असलेली. चावी ‘ऑफ’ केली की स्विच ती वायर हिरव्या वायरला, म्हणजे अर्थला (गाडीच्या धातूच्या सांगाड्याला) जोडतो. एक्सायटरची वीज अर्थमध्ये जिरते, ठिणगी मरते. चावी ‘ऑन’ केली की ही जोडणी सुटते. थोडक्यात, ही वायर कुठेही, कशानेही अर्थला टेकली की गाडीला वाटतं चावी बंद केली.

आणि हा स्विच बसवलाय कुठे? हँडलपाशी, आभाळाकडे तोंड करून. वीस वर्षांत चावीच्या भोकाचं झाकण गेलेलं असतं, आत धूळ, तेल आणि पितळेचा चुरा यांचा राब साठलेला असतो. घाटात तासभर पाऊस झेलला की आत पाणी जातं, तो राब भिजतो आणि काळी-पांढरी वायर त्यातून अर्थकडे गळायला लागते. या वायरवर 12 व्होल्ट नसतात हे ध्यानात ठेवा. इंजिन फिरत असताना तिच्यावर त्याच्या कितीतरी पट व्होल्टेज येतं, हाताला चांगला झटका बसेल इतकं. म्हणून 12 व्होल्टला जिथून काही गळत नाही तिथून इथे गळतं. गाडी उभी राहिली की इंजिनाच्या उबेने आणि वाऱ्याने पाऊण तासात स्विच सुकतो आणि गाडी पहिल्या किकला सुरू होते. तुमच्या गाडीची गोष्ट अक्षरशः हीच आहे. सीडीआय बदलून काही होणार नव्हतं, कारण नवीन सीडीआयलाही तोच ओला स्विच ‘बंद हो’ म्हणत होता.

ताडून पाहायची पद्धत सोपी आहे. सीडीआयच्या कपलरमधली काळी-पांढरी वायर शोधा. रंगावर विसंबू नका, वीस वर्षांत रंग उडतात आणि मध्ये कुणीतरी हाताला लागेल ती वायर जोडलेली असू शकते. कपलर सीडीआयपासून सोडवा, मल्टीमीटर ओमवर ठेवा, एक टोक त्या वायरला आणि दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला. चावी ‘ऑफ’ असताना जवळजवळ शून्य ओम यायला हवेत, ‘ऑन’ केल्यावर मीटरने काहीच दाखवायला नको. हे जिथे होतं तीच वायर. आता चावी ‘ऑन’ ठेवून, मीटर लावलेलाच ठेवून, चावीच्या भोकात आणि स्विचवर फवाऱ्याच्या बाटलीने पाणी मारा. पाच मिनिटं थांबा, चावी थोडी हलवा, हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवा. मीटर कोराच राहिला तर स्विच बहुधा निर्दोष. आकडा दिसायला लागला आणि खाली खाली येऊ लागला, तर तुमचा चोर सापडला. हँडल वळवतानाच आकडा येत असेल तर स्विच बाजूला ठेवून मानेजवळची वायर बघा. तिथे जुडगं रोज शेकडो वेळा वाकतं आणि आवरण तडकतं.

स्विच दोषी निघाला तर काढून, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, सुकवून बसवता येतो, पण इतका जुना स्विच मी परत बसवत नाही. नवीन टाका आणि चावीच्या भोकावर रबरी झाकण असलेलाच घ्या. जुना सीडीआय आणि कॉइल गॅरेजमधून परत मागून घ्या, बहुधा दोन्ही धडधाकट आहेत.

स्विच निर्दोष ठरला तर पुढची पायरी फवारणीची. हे काम रात्री, अंधारात, उघड्या जागेत करायचं. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धूर जीव घेतो. गाडी मेन स्टँडवर, इंजिन आयडलवर, हातात साध्या पाण्याची फवारणीची बाटली. एका वेळी एकच जागा भिजवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. क्रम खालून वर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळत खालच्या तीन जागा भिजवतं आणि इंजिन नेमकं कशाने बंद पडलं ते कळत नाही. आधी मॅग्नेटच्या कव्हरमधून वायरी बाहेर पडतात ते रबर. मग त्या वायरी वर जाऊन जोडतात तो कपलर. मग प्लगची टोपी, प्लगची जाड वायर, इग्निशन कॉइल, सीडीआय, आणि शेवटी हँडलजवळचं सगळं. जिथे इंजिन आचका देईल तिथे हात थांबवा, तेवढीच जागा सुकवा, पुन्हा भिजवा. दोनदा तेच झालं तरच मानायचं. एकदा झालेल्या गोष्टीवर मी कुणालाही भाग विकत घ्यायला लावत नाही.

अंधार लागतो तो प्लगच्या वायरीसाठी. तिच्यातला दाब हजारो व्होल्टचा, दहा-वीस हजारांच्या घरात. वायरीच्या रबराला केसाएवढी भेग असेल तर ओलं झाल्यावर तिथून बारीक निळसर ठिणग्या इंजिनाच्या धातूच्या पंख्यांकडे (फिन्सकडे) उडताना डोळ्यांना दिसतात, कधी टिकटिक आवाजही येतो. इंजिन चालू असताना त्या वायरीला किंवा टोपीला हात लावू नका. बहुतेक वेळा दोष टोपीत असतो. टोपी वायरीवर स्क्रूसारखी फिरवून बसवलेली असते आणि तिच्या तोंडाचं रबर कडक झालं की पाणी वरून ओघळत थेट आत जातं. टोपी फिरवून काढा, वायरीचं टोक अर्धा सेंटिमीटर कापा, आत चकाकणारं तांबं दिसलं पाहिजे. हिरवं-काळं दिसलं तर अजून थोडं कापा. नवीन टोपी, रबरासकट, घट्ट फिरवून बसवा. तुमची कॉइल नुकतीच बदललीय, पण टोपी जुनीच चढवलेली असण्याची शक्यता बरीच आहे. तेवढं बघाच.

मॅग्नेटच्या वायरींबद्दल एक सवय लावून घ्या. पल्सर आणि एक्सायटर कॉइलचे ओम उन्हाळ्यात, गाडी धडधाकट असताना मोजा आणि साइड पॅनेलच्या आत मार्करने लिहून ठेवा. पावसात बंद पडली की पुन्हा मोजायचं. पुस्तकातल्या आकड्यापेक्षा स्वतःच्या गाडीचा चांगल्या दिवसाचा आकडा जास्त कामाचा असतो. कोरड्यात आणि ओल्यात मोठा फरक दिसला तर कॉइलकडून येणारी वायर कुठेतरी सोललेली आहे. बहुधा चेनजवळ किंवा गिअर लिव्हरच्या मागे.

आता फ्यूज. चावी ‘ऑन’ केल्यावर फ्यूज टिकतो, ब्रेक दाबल्यावरच उडतो, ही फार मोलाची खूण आहे. ब्रेकच्या स्विचपर्यंत येणारी वीज ठीक आहे, शॉर्ट आहे ते स्विचच्या पुढे, असा याचा सरळ अर्थ. म्हणजे संपूर्ण गाडीतली एकच वायर उरली, ब्रेक स्विचपासून मागच्या दिव्यापर्यंतची, हिरव्यावर पिवळी रेघ असलेली. तिच्यासाठी पूर्ण वायरिंग बदलायचं म्हणजे एक कौल फुटला म्हणून घर उतरवायचं.

फ्यूजवर फ्यूज जाळत बसू नका, आणि फ्यूजच्या जागी तार तर कधीच घालू नका. त्याने वायरिंगच जळतं. आम्ही सिरीज बल्ब लावतो. 12 व्होल्ट 21 वॅटचा एक बल्ब घ्या, त्याला दोन वायरी जोडा आणि फ्यूज काढून त्या जागी लावा. ब्रेक दाबून धरायला कुणाला तरी बसवा. शॉर्ट असेल तर हा बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, आणि करंट पावणेदोन अँपिअरच्या वर जाणारच नाही, म्हणून काही जळत नाही. आता मागच्या दिव्याचा बल्ब काढा. सिरीज बल्ब मंद झाला किंवा विझला तर दोष होल्डरमध्ये आहे. आत पाणी, गंज, किंवा तळाच्या दोन टिकल्या एकमेकींना टेकलेल्या. तसाच पेटत राहिला तर दोष वायरीत. मग मागून पुढे येत वायर बोटांनी हलवत चला. जिथे हलवल्यावर बल्ब लुकलुकेल तीच जागा. मला ही वायर बहुतेक वेळा दोन ठिकाणी सोललेली सापडलीय. एक, मागच्या मडगार्डच्या ज्या भोकातून ती जाते तिथलं रबर गेलं की पत्र्याची धार तिला वर्षानुवर्षं कापत राहते. दोन, नंतर बसवलेल्या कॅरिअरचा किंवा साडी गार्डचा नटबोल्ट तिच्यावरच आवळलेला असतो. कोरड्यात पत्रा आणि तांबं यांच्यात केसभर अंतर राहतं, मागचं चाक चिखल-पाणी फेकायला लागलं की ते भरून निघतं.

हॉर्नचं मूळ याहून वेगळं, आणि इथे मल्टीमीटर खरा उपयोगी पडतो. आधी बॅटरीचे व्होल्ट बघा. गाडी रात्रभर उभी असल्यावर 12.6 च्या आसपास हवेत, 12 च्या खाली म्हणजे बॅटरी रिकामी. किकवरच्या स्प्लेंडरची बॅटरी जेमतेम 2.5 अँपिअर-तासाची असते, तिला फार पोट नाही. इंजिन चालू करून रेस वाढवली की व्होल्ट चौदाच्या आसपास चढायला हवेत. चढत नसतील तर आरआर युनिटचा (चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटर-रेक्टिफायरचा) कपलर उघडून बघा, एखादी पिन तपकिरी किंवा जळकी दिसेल. पंधराच्या पुढे जात असतील तर आरआर युनिटच गेलंय आणि ते बॅटरी उकळतंय.

बॅटरी चांगली असून हॉर्न बसलेला असेल तर वीज वाटेत कुठेतरी अडतेय. कुठे, ते ओम मोजून कळत नाही. शंभर तारांपैकी पाच उरलेली वायरसुद्धा ओमवर छान दिसते, कारण मीटर तिच्यातून नाममात्र करंट सोडतो. तिच्यावर ओझं टाकल्याशिवाय ती उघडी पडत नाही. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवा, हॉर्न दाबून धरा आणि दाबलेला असतानाच मोजा. एक टोक बॅटरीच्या प्लसला, दुसरं हॉर्नकडे येणाऱ्या प्लसच्या टोकाला. जो आकडा येईल तेवढे व्होल्ट वाटेत हरवले. अर्ध्या व्होल्टपर्यंत चालतं, दीड-दोन व्होल्ट म्हणजे मधला एखादा सांधा कळकलाय. मग मीटरचं दुसरं टोक एकेक सांधा मागे आणत जा. ज्या सांध्याच्या एका बाजूला आकडा मोठा आणि दुसऱ्या बाजूला लहान, तो दोषी. हेच अर्थच्या बाजूने, बॅटरीच्या मायनसपासून करा. तिथे 0.2 व्होल्टच्या वर गेलं तरी मी अर्थचा बोल्ट खोलतो. चॅसिसला हिरवी वायर जिथे बोल्टने बसते ती जागा, रंग आणि गंज खरवडून चकचकीत करून, पुन्हा आवळली की हॉर्न, इंडिकेटर आणि ब्रेकलाइट तिन्ही एकदम सुधारल्याचं मी असंख्य वेळा पाहिलंय. इंडिकेटर पेटून राहतो पण लुकलुकत नाही, ही तक्रारही बऱ्याचदा याच बोल्टची असते. फ्लॅशर बदलायच्या आधी तो बोल्ट बघा.

सापडलेला सांधा दुरुस्त करताना लोक जी चूक करतात तिच्याबद्दल कळकळीने सांगतो. बारीक तारांची वायर वातीसारखं पाणी ओढते. टोकाला शिरलेलं पाणी आवरणाच्या आतून वीतभर दूर जातं. त्यामुळे टोक कापून नवीन लग (वायरीच्या टोकाला बसवायची धातूची पट्टी) ठोकला तरी आतलं तांबं काळं असेल तर तो सांधा पुढच्या पावसाळ्यात पुन्हा जाणार. आवरण सोलत मागे जा, लालसर चकाकणारं तांबं लागेपर्यंत. गरज पडली तर तेवढा तुकडा नवीन जोडा. सोल्डर करा आणि वरून हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. स्लीव्ह आधी वायरीत ओवून ठेवा, सोल्डर झाल्यावर आठवून उपयोग नसतो. काळी इन्सुलेशन टेप मी पावसात चालणाऱ्या गाडीला लावत नाही. उन्हाळ्यात तिचा डिंक वितळतो आणि पावसात तिच्या घड्यांत पाणी अडकून बसतं.

कपलर उघडे करून कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुकू द्या, मग आत थोडं सिलिकॉन ग्रीस. चेनचं किंवा बेअरिंगचं ग्रीस नको. पाणी हटवायचा स्प्रे रस्त्यावर वेळ मारून नेण्यापुरता चांगला, पण तो औषध नाही. आणि बाथरूमच्या फटी भरायचं सिलिकॉन सीलंट कपलरमध्ये कधीच भरू नका. त्यातल्या बऱ्याच सीलंटना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, कारण सुकताना त्यातून तोच आंबटपणा बाहेर पडतो. तांबं आणि आंबट यांची गाठ पडली की काय होतं ते वर सांगितलंच आहे. बाहेरून सीलबंद दिसणारा कपलर उघडल्यावर आत सगळं हिरवं झालेलं मी पाहिलंय.

वायरी परत बांधताना प्रत्येक कपलरचं तोंड खाली ठेवा आणि त्याच्याकडे येणारी वायर आधी थोडी खाली झोळीसारखी सोडून मग वर आणा. ओघळणारं पाणी झोळीच्या तळाशी टपकतं, कपलरपर्यंत चढत नाही. जेटने गाडी धुणाऱ्यालाही सांगा की चावीचा स्विच, टाकीखालचा भाग आणि मागचा दिवा यांवर फवारा रोखायचा नाही. पावसाला जे वर्षभरात जमत नाही ते जेट एका मिनिटात करतो.

घरात दुसरी जुनी गाडी असेल तर एवढं ध्यानात ठेवा. पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी उघडझाप करून वीज तोडणाऱ्या टोकांच्या) जुन्या बुलेटमध्ये इग्निशन बॅटरीवर चालतं, म्हणून तिथे फ्यूज आणि अर्थही इंजिन बंद पाडू शकतात. पावसात बंद पडली तर आधी पॉइंटचं कव्हर काढून आतला दमटपणा पुसायचा आणि गॅप 0.35 ते 0.40 मिलिमीटर आहे ना ते बघायचं. जुन्या 6 व्होल्टच्या जावा-येझदीत हरवलेला अर्धा व्होल्ट दुप्पट महाग पडतो, तिथे अर्थ दरवर्षी खरवडावीच लागते. पुरात बुडालेली गाडी ही वेगळीच गोष्ट. जुलै 2021 च्या पुरानंतर इथे जे चिखलाने भरलेलं वायरिंग पाहिलं, त्याला वरचं काहीही लागू नाही. तिथे प्रत्येक कपलर उघडून गोड्या पाण्याने धुवावा लागतो आणि पूर्ण वायरिंग बदलण्याचा सल्ला मीही देतो.

तुमच्या गाडीला माझा क्रम असा राहील. आधी काळी-पांढरी वायर आणि चावीचा स्विच, मग प्लगची टोपी, मग ब्रेकची वायर, शेवटी अर्थ आणि हॉर्न. एका रविवारचं काम आहे.

ते व्हायच्या आत पुन्हा घाटात बंद पडलीच, तर ती पाऊण तासाची वेळ फुकट घालवू नका, कारण बिघाड जिवंत दिसतो तो तेवढाच वेळ. गाडी वळणापासून दूर, डोंगराच्या बाजूला घ्या, पण सुटलेल्या दरडीखाली नको. सीडीआयच्या कपलरमधली काळी-पांढरी पिन आधीच ओळखून, तिथे सहज सुटेल असा एक सांधा करून ठेवा. चावी ‘ऑन’ करा, तो सांधा सोडा, सुटं टोक कशाला टेकणार नाही असं ठेवा आणि किक मारा. इंजिन ओल्या गाडीतही सुरू झालं तर बिघाड स्विचकडच्या बाजूला आहे, आणखी पुरावा नको. तशीच चालवत घरी जाता येईल. फक्त आता चावी फिरवून इंजिन बंद होणार नाही हे विसरू नका. बंद करताना गाडी थांबवून, दोन्ही ब्रेक घट्ट धरून, वरचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा, इंजिन गुदमरून थांबेल. वायर सोडूनही सुरू झालं नाही, तर प्लगची टोपी आणि जाड वायर आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसा आणि पुन्हा किक मारा. दोन्हीपैकी कशाने सुरू झाली, तेवढं मला कळवा.